आर्थर रोडला पत्र पाठवताय? आधी हे बघा

आपलं माणूस आर्थर रोडच्या जेलमध्ये असेल तर पत्र नक्की टाका, मुलाखतीत घाईघाईत काय बोलणं होतं हो, पत्र त्याला परत परत वाचता येतं. पाकिटावर कैद्याचं पूर्ण नाव, वडलांचं नाव, कैदी नंबर आणि बराक माहीत असेल तर तीही, मग मुंबई मध्यवर्ती कारागृह, साने गुरुजी मार्ग, मुंबई ४०००११. (बाई असेल तर बहुतेक भायखळ्याला असते, आधी वकिलाला विचारा.) पत्र जेलवाले उघडून वाचतात, म्हणून केसबद्दल, साक्षीदारांबद्दल एक ओळही नको, ते वकिलाशीच बोला. पैसे आत घालू नका. घरचं लिहा, पोरांचं, आईच्या तब्येतीचं, चाळीतल्या गणपतीचं.