डीबीएस करायचंय? मग आधी शंभर पानी वही आणा

आमच्या अण्णांना कंपवात आहे, त्यांचं डीबीएस झालंय, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत वायर घालून विजेचे बारीक ठोके देणारं मशीन. ते बसवल्यापासून आठवड्याला एक तरी फोन असतोय, की सासऱ्यांना कंपवात आहे, डीबीएस करायचंय, कुठनं सुरुवात करू. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, शाहूपुरीत दुकान आहे माझं, तेव्हा गोळ्यांचे डोस मला विचारू नका.

पहिलं काम म्हणजे वही. हॉस्पिटल शोधायच्या आधी वही. गोळी किती वाजता घेतली, किती वाजता चढली, कधी उतरली, अंग कधी वळवळायला लागलं, हे तासातासाला लिहायचं, निदान दोन आठवडे. डॉक्टर लोकांचा एक सोपा आडाखा आहे: लेवोडोपाची, म्हणजे कंपवाताच्या मुख्य औषधाची, गोळी दिवसातनं पाच वेळा लागतीय, दोन तासांपेक्षा जास्त वेळ माणूस 'ऑफ', म्हणजे गोळी उतरून आखडलेला, असतोय किंवा तासभर तरी त्रासदायक वळवळ होतीय, यातलं एक जरी असलं तर पुढच्या उपचारांचं विचारायला जावा. वही लिहायला लागल्यावर आम्हाला कळलं की बुधवारी आणि रविवारी दुपारची गोळी चढायलाच तयार नसायची. कारण काय तर मटण! प्रोटीन आणि लेवोडोपा आतड्यात एकाच दारातनं आत जातात, त्यामुळं पांढरा रस्सा वरपून लगेच गोळी घेतली की गोळी बाहेरच ताटकळते. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास सरकवली आणि निम्मा त्रास तिथंच कमी झाला. मोबाईलवर व्हिडिओही काढून ठेवा, ऑफमधला आणि ऑनमधला, खुर्चीतनं उठताना आणि शर्टाचं बटण लावताना, कारण डॉक्टरसमोर गेलं की पेशंट हमखास तरतरीत होतोय.

मग टेस्ट. आम्ही पुण्याला गेलो. आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद, साधारण बारा तास, आणि सकाळी त्या अवस्थेत हालचालींना मार्क देतात, मग गोळी देऊन परत मार्क. ते बघवत नाही, अण्णांना कुशीवर वळता येईना, पण ही टेस्ट टाळू नका. तीस टक्क्यांच्या आसपास तरी सुधारणा दिसली पाहिजे. सूत्र सोपं आहे, गोळीनं जे सुधारतं तेच मशीननं सुधारतं, फक्त थरथर याला अपवाद, ती गोळीला दाद देत नसली तरी मशीननं थांबू शकते. गोळी चढलेली असतानाही तोल जातोय, बोलणं पुटपुटतंय, विसरायला होतंय, तर त्यासाठी डीबीएस करू नका. स्मरणशक्तीची आणि मनाचीही तपासणी करतात, 'आमचा माणूस काय वेडा आहे का' म्हणून भांडत बसू नका. आणि यानं आजार बरा होत नाही, आतनं तो आपल्या गतीनं वाढतच असतो.

ऑपरेशनचं थोडक्यात सांगतो. मेंदूत खोलवर पेशींच्या एका छोट्या पुंजक्यात, वाटाण्यापेक्षा लहानच म्हणा, जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची वायर सोडतात, कातडीखालनं ती छातीपर्यंत आणतात आणि गळ्याच्या हाडाखाली बॅटरी बसवतात. १९८७ साली फ्रान्समध्ये ग्रेनोबलला बेनाबिद नावाच्या सर्जनच्या ध्यानात आलं की जलद विजेच्या ठोक्यांनी थरथर थांबते, मेंदूचा भाग जाळायची गरज नाही, तिथनं हे सगळं सुरू झालं. बऱ्याच ठिकाणी पेशंटला जागं ठेवतात. अण्णा सांगतात, डॉक्टर मनगट हलवत होते आणि एकदम 'कुलूप निघाल्यागत' हात सुटला. रक्तस्रावाचा धोका शंभरात साधारण एकदोघांना असतो, इन्फेक्शनचाही असतो, ते डॉक्टरांना तोंडावर विचारा. बॅटरीचंही आधीच ठरवा, साधी तीन ते पाच वर्षं जाते, चार्जिंगची पंधराएक वर्षं, पण नेमानं चार्ज करणारं माणूस घरात पाहिजे.

आता खरी कटकट. ऑपरेशननंतर मशीन चालू न करताच पेशंट झकास होतोय, वायर घातलेल्या जागी सूज असते त्याचा तो परिणाम, काही आठवड्यांत ओसरतो. आमच्याकडं पेढे वाटून झाले होते! प्रोग्रॅमिंग, म्हणजे मशीनचं सेटिंग, त्यानंतर. सेकंदाला १३० च्या आसपास ठोके ठेवतात आणि करंट हळूहळू वाढवत नेतात, नीट बसायला महिने जातात. त्या खोलीत जीभ जड झाली, गाल ओढला, मुंग्या आल्या, तर तिथंच सांगायचं. अण्णा भिडस्त, गप्प बसले, आणि खंबाटकी घाट उतरल्यावर चहाच्या टपरीवर बोलले तर तोंडात सुपारी ठेवल्यागत शब्द. गाडी परत पुण्याला फिरवली. तेव्हापासून प्रोग्रॅमिंग झालं की तासभर हॉस्पिटलच्या आवारातच फिरवतो, बोलतं करतो. माणूस उगाच हसायला, चिडायला किंवा वारेमाप खर्च करायला लागला तरी कळवा, तो सेटिंगचा किंवा गोळ्यांचा खेळ असू शकतो.

एकानं विचारलं, मुलाला हात धुवायचा नाद आहे, ओसीडी, त्याला चालतंय का. अमेरिकेत २००९ मध्ये ओसीडीसाठी मर्यादित परवानगी मिळाली, तीही सगळी औषधं आणि थेरपी करून थकलेल्यांसाठी. डिप्रेशनचं अजून ट्रायलमध्येच आहे, एक मोठी ट्रायल तर मधेच थांबवली. आपल्याकडं २०१७ च्या कायद्यानं मानसिक आजारासाठी मेंदूचं ऑपरेशन करायचं तर पेशंटची स्वतःची संमती आणि त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची मंजुरी लागते, घरच्यांनी ठरवून चालत नाही.

शेवटचं, पण जिवावर बेतणारं. खांदा दुखतोय म्हणून अण्णा गल्लीतल्या एका फिजिओकडं गेले आणि तो शेकायचं मशीन लावायला निघाला, डायथर्मी. डीबीएसवाल्याला ती अजिबात चालत नाही, खांद्याला नाही, गुडघ्याला नाही, कुठंच नाही, वायर तापून मेंदू भाजतो. 'डोक्यापासनं लांब आहे की,' म्हणत होता तो. एमआरआय आणि दुसरं कुठलंही ऑपरेशन, दाताचं असलं तरी, आधी आपल्या डीबीएसच्या डॉक्टरांना विचारूनच. मशीनचं कार्ड पाकिटात ठेवा, आणि एक फोटो बायकोच्या मोबाईलमध्ये, कारण अण्णा पाकीट घरी विसरूनच रंकाळ्यावर जातात.