गाडी घाट चढेना? टर्बो बदलण्याआधी या चुका टाळा

एप्रिल-मे लागला की चाळीसगावच्या आमच्या गॅरेजात एकच तक्रार येते: कन्नड घाटात गाडी ओढत नाही. सात सीटची डिझेल गाडी, आत सगळं घर, वर सामान. आणि मालकाने इथे येईपर्यंत दोन-तीन पार्ट बदलून टाकलेले असतात. मला राग येतो तो याचाच.

गेल्या उन्हाळ्यात पारोळ्याकडचे एक काका आले. म्हणाले, "भाऊ, टर्बो नवा टाकला, तरी गाडी वढत नही." टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. त्यावर पन्नास हजारांच्या वर खर्च झाला होता. टर्बो कुणी बदलायला सांगितला, असं विचारलं तर म्हणाले, "स्कॅनरवर आलं तसं." स्कॅनरवर आला होता पी ०२९९ हा कोड. त्याचा अर्थ एवढाच की इंजिनाने मागितला तेवढा हवेचा दाब मिळत नाही. दाब कुठे हरवतोय, ते कोड सांगत नाही. ते माणसाने शोधायचं असतं.

आधीच्या मेकॅनिकने पाइप उघडला, आत तेलाचा ओलावा दिसला आणि टर्बो गेला असा निकाल दिला. अहो, इंजिनातली तेलाची वाफ त्याच वाटेने जाते. थोडा ओलावा चांगल्या गाडीतही सापडतो. मी गाडी थंड होऊ दिली आणि टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे ती दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या रबरी पाइपाच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवलं. क्लॅम्पजवळ काळा, तेलकट डाग उमटला. तिथे नखाएवढी चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली राहायची. घाटात लोड आला की दाबाने उघडायची, हवा बाहेर, मागे काळा धूर, आणि इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कमी करून टाकायचं. म्हणून गॅरेजात उभ्या गाडीला कितीही रेस दिली तरी काही सापडत नव्हतं. पाइप आणि दोन क्लॅम्प बदलले, काका त्याच संध्याकाळी घाट चढून वर गेले.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. आधी फडकं, मग साबणाचं पाणी लावून हलक्या दाबाने हवा भरायची आणि बुडबुडे बघायचे. टर्बोला जोडलेल्या बारीक व्हॅक्यूम नळ्याही तेव्हाच तपासतो, त्या उन्हाने कडक होऊन तडकतात. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास जातो. "लवकर करा भाऊ, लग्नाला जायचंय" म्हणणाऱ्यालाही मी तेवढा वेळ थांबवतो.

दुसरी चूक एअर फिल्टरची. ही आपल्या खान्देशात फार. गहू आणि दादर ज्वारीची मळणी, केळीच्या बागांकडचे मातीचे रस्ते, जिनिंगजवळ उडणारी कापसाची तूस, हे सगळं फिल्टरवर बसतं. पुस्तकात लिहिलेले किलोमीटर आपल्या धुळीला लागू नाहीत. मी त्याच्या निम्म्यावरच बदलतो. लोक मात्र पंक्चरवाल्याकडे जाऊन जोरदार हवा मारून घेतात, तीही बाहेरून आत. कागद फाटतो, धूळ सरळ टर्बोच्या पात्यांवर जाते. झटकून स्वच्छ केलेला फिल्टर उजेडाकडे धरा. एक जरी भोक दिसलं तर टाकून द्या. काहीजण तो पाण्याने धुतात. कागदी फिल्टर धुऊ नका, एवढंच हात जोडून सांगतो. त्याच्या पुढचा हवा मोजणारा सेन्सरही फडक्याने पुसू नका, त्याची तार नाजूक असते.

ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये ठेवलेलं डिझेल गाडीत ओतू नका. ड्रमच्या तळाला पाणी असतं. ते डिझेल फिल्टरमध्ये साचतं, आणि त्यातून पुढे गेलं तर पंप आणि इंजेक्टर घेऊन जातं. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला की त्याच दिवशी निचरा करा.

इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही? मग क्लच बघा, इंजिन उघडू नका. दहा किलोमीटर चालवून एकच चाक तापतंय? ब्रेक चिकटलाय.

२०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी सायलेन्सरमधली गाळणी. शेत ते घर, घर ते बाजार एवढंच फिरवलं तर त्यात काजळी भरते आणि ताकद जाते. दिवा लागला तर धुळ्याच्या हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एका चालीने गाडी पळवा, मध्येच बंद करू नका. लगेच वाळलेल्या पऱ्हाट्यांवर किंवा गवतावर उभीही करू नका, सायलेन्सर भयंकर तापलेला असतो. डीपीएफ पोकळ करून देणारे भेटतील. मी ते काम करत नाही, कितीही पैसे दिले तरी. तो धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो, आणि ते बेकायदेशीरही आहे.

भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांत एसी लावून, सात माणसं भरून घाट चढताना थोडी ताकद कमी वाटणारच. गरम हवा विरळ असते. पहाटे एकटे तोच चढ चढून बघा. तेव्हाही ओढत नसेल तर गाडी घेऊन या, आणि येताना कागदावर लिहून आणा: कोणत्या गिअरला, किती वेगावर, गाडी तापल्यावर की थंड असताना, आणि धुराचा रंग कोणता.