आवडता कादंबरीकार गेल्यावर घरी वाचन कसं ठेवावं

१ जून १९९८ला गोनीदा, म्हणजे कादंबरीकार गो. नी. दांडेकर, गेले. त्या आठवड्यात आम्ही पुण्यात सदाशिव पेठेत, आईच्या घरी, त्यांची पुस्तकं घेऊन बसलो. तेव्हापासून आवडता लेखक गेला की मी हेच करते.

दहा-बाराच माणसं बोलवा. भाषणं नकोत. प्रत्येकाने आपली स्वतःची प्रत आणायची, जीर्ण असेल तर उत्तमच. गोनीदांच्या ‘पडघवली’ कादंबरीच्या माझ्या प्रतीवर आईच्या आमटीचा डाग आहे, तो मला फार प्रिय आहे. प्रत नसेल तर अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत शोधा.

उतारा आदल्या रात्री मोठ्याने वाचून बघा. दोन पानं पुरे. गोनीदांची वाक्यं बोलण्याच्या लयीत येतात. घाई केली की ‘पडघवली’ची गोष्ट सांगणाऱ्या अंबावहिनीचा आवाज हरवतो. त्यांच्या कन्या वीणा देव यांचं अभिवाचन ज्यांनी ऐकलंय, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

वाचताना कुणाचा गळा दाटला तर हातातलं पुस्तक काढून घेऊ नका. पाणी द्या, थांबा. आमची आत्या तीनदा थांबली, पण उतारा तिनेच पुरा केला.

चहा शेवटी. निघताना आठवड्यापुरत्या प्रती बदलून घ्या.