क्रमांक नंतर, आधी प्रत बघा

सर्वोत्तम चित्रपटांची यादी म्हटलं की बहुतेकांपुढे ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाची यादी येते. 1952 पासून दर दहा वर्षांनी ते समीक्षकांची मतं मागवतात. ती यादी तुमच्याकडे असेलच, पण अभ्यासक्रम समजून वरून खाली उतरत जाऊ नका. प्रत्येक समीक्षक दहा नावं देतो, त्या दहांत वर-खाली काही नसतं आणि प्रत्येक नावाला एकच मत मिळतं. 2012 मध्ये 846 जणांनी मतं दिली आणि ‘व्हर्टिगो’ 191 मतांवर पहिला आला. चारांतल्या तिघांहून जास्त जणांच्या दहांत तो नव्हताच. मोजायची पद्धत बदलली तरी क्रम हलतो. 2002 मध्ये ‘गॉडफादर’चे दोन भाग एकत्र धरले होते. 2012 मध्ये ते वेगळे मोजले आणि पहिल्या दहांतून बाहेर गेले. चित्रपट तेच होते.

क्रमांकाच्या मागे लागणारा नवखा माणूस थेट 2022 च्या पहिल्या क्रमांकावर, म्हणजे दिग्दर्शिका शांताल आकेरमनच्या ‘ज्यान दिलमान’वर जातो. तीन तासांहून लांब चित्रपट, जागचा न हलणारा कॅमेरा, स्वयंपाकघर. अर्ध्या तासात बंद करतो आणि ‘आपल्याला सिनेमा कळत नाही’ असं ठरवून टाकतो. तसं काही नसतं, घाबरू नका. ‘बायसिकल थीव्ज’पासून सुरुवात करा. दीड तासाचा आहे, आणि 1952 च्या पहिल्या यादीत पहिला तोच होता. मग ‘सिटिझन केन’, मग ‘टोकियो स्टोरी’. आकेरमन थांबेल.

आता खरा सापळा. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सविस्तर सांगायला हवं. जे बघून तुम्ही मत बनवता, तो चित्रपट असतोच असं नाही. अनेकदा ती त्याची खराब प्रत असते.

पहिली खूण चौकटीची. ‘केन’ 1941 चा आहे, चौकट 1.37 : 1, म्हणजे रुंदी उंचीच्या 1.37 पट, चौकोनाकडे झुकणारी. आजच्या रुंद टीव्हीवर डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे दिसलेच पाहिजेत. पट्टे नसतील तर दोनपैकी एक झालंय: चित्र आडवं ताणलंय, किंवा वरून-खालून कापलंय. ताणलं असेल तर माणसं सुमारे 30 टक्के जाड दिसतात. कापलं असेल तर उंचीचा जवळजवळ पाव भाग गेला. ‘केन’मध्ये छतं मुद्दाम दाखवली आहेत, कॅमेरा खालून लावलाय. वरचा भाग कापला की छतांसकट ती सगळी योजना गेली. आणि मग तुम्ही म्हणणार, ‘यात एवढं काय आहे?’

दुसरी खूण वेळेची. ‘केन’ 119 मिनिटांचा. तुमची प्रत 114 ची असेल तर दृश्यं कापलेली असतीलच असं नाही. सेकंदाला 24 फ्रेम्सचा (म्हणजे 24 स्थिर चित्रांचा) चित्रपट टीव्हीसाठी 25 ने पळवला की तो 4 टक्क्यांनी आखूड होतो आणि आवाजही किंचित वर चढतो. सबटायटल्सवरूनही हे ओळखता येतं. ती सुरुवातीपासून ठरावीक दोन सेकंद मागे असतील तर फक्त वेळ सरकवा. फरक वाढत वाढत जात असेल तर वेगच वेगळा आहे, सरकवून काही उपयोग नाही. ‘टोकियो स्टोरी’च्या शेवटी हा फरक पाच मिनिटांच्या वर जातो.

मूकपटांत तर याहून गोंधळ. ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (1928) 20 फ्रेम्सने चालवला तर सुमारे 97 मिनिटं, 24 ने चालवला तर सुमारे 81. त्याची मूळ रूपातली प्रत 1981 मध्ये नॉर्वेतल्या एका मनोरुग्णालयात सापडली. तिच्यावरून केलेली आवृत्तीच घ्या.

तिसरी गोष्ट टीव्हीच्या सेटिंगमधली. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. नाव कंपनीगणिक बदलतं: ट्रू-मोशन, मोशनफ्लो असं काहीतरी. ती दोन खऱ्या फ्रेम्सच्या मधे स्वतः बनवलेल्या फ्रेम्स घालते, आणि जुना सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. ‘पथेर पांचाली’चं तर आणखीच जपून बघा. मूळ निगेटिव्ह 1993 च्या लंडनमधल्या आगीत भाजल्या, पुढे त्यातून वाचलेला भाग आणि इतर प्रती जोडून चित्रपट दुरुस्त झाला. 2015 मधली दुरुस्त प्रत सोडून दुसरी कुठलीही बघू नका.

दहा मिनिटांत चित्रपट उलगडून सांगणारे व्हिडिओ आधी बघणं मला साफ नामंजूर आहे. शंभर नावांची यादी हातात कोंबणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा एका दृश्यावर तुम्हाला तासभर बोलू देणारा शोधा. तो मिळेपर्यंत एकटेच करा. पहिल्यांदा सलग बघा. दुसऱ्यांदा पाच मिनिटांचं एकच दृश्य आवाज बंद करून बघा आणि कट कुठे आला, म्हणजे एक शॉट संपून दुसरा कुठे सुरू झाला, ते लिहा. ‘केन’मधलं बर्फातल्या मुलाचं दृश्य घ्या. आई पुढे कागदांवर सही करते, मागे खिडकीतून खेळणारं पोर, आणि दोन्ही स्पष्ट. त्याचं आयुष्य त्या टेबलावर ठरतंय आणि त्याला पत्ता नाही. तिथे कट का नाही, हे स्वतःच्या शब्दांत चार ओळींत लिहून काढा. अवघड जातं, पण दोन-तीन दृश्यांनंतर हात बसतो.

आता आकेरमन. पहिल्या दिवशी ज्यान बटाटे, भांडी, दिवे सगळं ठरल्याप्रमाणे करते. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि ती भांडं हातात धरून घरात फिरत राहते, कुठे ठेवावं सुचत नाही. पहिला दिवस नीट बघितला असेल तर इथे धडकी भरते, मोबाइल चाळत बघितला असेल तर काहीच घडत नाही. एका बैठकीत जमत नसेल तर दिवस संपल्याची पाटी येते तिथेच थांबा. मधेच कुठेतरी सोडलात तर पुन्हा पहिल्या दिवसापासून.