पावसात भिंत सुटली, आता घर काढायचंय आणि अंगात दमा आहे: तयारी काय काय करायची

गवंड्याला फोन करायच्या आधी औषधाच्या दुकानात जाऊन यायचं, हे पहिलं. आमच्याकडे बेळगावात, शहापूर-वडगावात काय किंवा खानापूर साईडला काय, जुन्या मातीच्या भिंती जुलै-ऑगस्टच्या पावसात फुगतात आणि एका सकाळी पोपडा नाही, अख्खा पाखाच खाली येतो, मग घर काढायचं, म्हणजे जुनं पाडून परत बांधायचं, की नाही हे आपण ठरवत नाहीच, ते ठरलेलंच असतं. सिमेंट, वाळू, कामगार याच्या मागे सगळं घर धावतं आणि दम्याचा पंप, म्हणजे इनहेलर, संपत आलाय हे रात्री दोन वाजता कळतं. रोजच्या पंपावर १२० डोस लिहिलेले असतील आणि सकाळी दोन, रात्री दोन असं चालू असेल तर तो बरोबर ३० दिवस जातो, हिशोब सोपा आहे, काम महिनाभर लांबणार हे धरून एक जास्तीचा आणून ठेवा. लगेच आराम देणारा पंप, बहुतेकदा निळा असतो तो, दोन घ्या, एक खिशात किंवा पदराच्या पिशवीत, दुसरा झोपायच्या जागी. दोन्हीची टोपणं लावलेली आणि चेनच्या पिशवीत, कारण तोंडाशी बसलेली सिमेंटची धूळ ओढली की सगळी आतच जाते.

डॉक्टरांकडे जाऊन सरळ सांगा की घर काढूलालोय, धूळ होणार, त्रास वाढला तर काय घ्यायचं आणि कधी दवाखान्यात यायचं ते कागदावर लिहून द्या. स्टेरॉईडच्या गोळ्या शेजारच्या काकूंनी घेतल्या म्हणून आपण सुरू करायच्या नाहीत. तो कागद भिंतीवर लावायचा तर भिंतच राहत नाही, म्हणून फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर टाका. एक चिठ्ठी कन्नडमध्येही लिहून घ्या, कारण दिवसभर घरात आपण आणि कामावरची माणसं एवढेच असतो, त्यातले बरेच जण कन्नड बोलणारे, त्यांना पंप कुठं आहे आणि १०८ ला फोन करायचा एवढं ठाऊक पाहिजे. नेब्युलायझरवर, म्हणजे औषधाची वाफ देणाऱ्या मशीनवर, भरवसा ठेवायचा असेल तर लाईट पाहिजे, आणि काम चालू असताना वायरमन कधी मेन बंद करेल सांगता येत नाही, म्हणून स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची ती प्लास्टिकची नळी, हाताशी हवाच.

आता मुख्य गोष्ट, ही कुणी सांगत नाही. सगळे दिवस सारखे वाईट नसतात. कौलं उतरवायचा दिवस भयंकर, मंगळुरी कौलांच्या खाली वाशांवर वर्षानुवर्षांची चुलीची काजळी, जळमटं, उंदरांची घरटी, सगळं एकदम खाली येतं आणि काळा धुरोळा संध्याकाळपर्यंत बसत नाही. भिंत पाडणं, वाळू चाळणं, फरशी कापणं हे पण त्यातलंच. पण सगळ्यात बेकार म्हणजे पुट्टी घासायचा दिवस, ती पिठासारखी धूळ दिसत पण नाही आणि बंद कपाटातल्या साड्यांवर पण बसते. या दिवसांना घरात राहायचंच नाही, बहिणीकडे, माहेरी, टिळकवाडीतल्या मावशीकडे, कुठंही जा. उलट बांधकाम, स्लॅबला पाणी मारणं हे दिवस तसे बरे जातात, तेव्हा घरी राहून चालतं. म्हणून मेस्त्रीकडून तारखांपेक्षा कामाचा क्रम लिहून घ्या. चवथीच्या आधी संपवतो असं तो म्हणणारच, ते सोडून द्या. फरशी कापताना पाणी मारूनच कापायची आणि बाहेर रस्त्याच्या बाजूला, हे आधी बोलून ठेवा, नंतर सांगितलं की तोंड वाकडं होतं.

पावसानं पडलेल्या घराची नुकसानभरपाई मागायची असेल तर मलबा उचलायच्या आधी फोटो आणि पंचनामा, पण त्या धावपळीला तुम्ही जाऊ नका, दीर, भाऊ, जो असेल तो जाऊ दे.

घरात राहायचं त्या दिवसांसाठी एक खोली धरा, शक्यतो वारा जिकडून येतो त्या बाजूची. पडदे काढा, गादीला प्लास्टिक घाला, दाराखाली ओलं टॉवेल दाबून ठेवा. झाडू नको, ओलं फडकं, आणि कुणी झाडत असेल तर पंखा बंद. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाव्हणा चपला घालून आतल्या खोलीपर्यंत येतो आणि विचारतो, काय करूलाईस गे, कुठवर आलं काम, त्यांना बाहेरच खुर्ची द्या. मास्क एन-९५ चालतो पण तो घालून काहींना जास्तच कोंडल्यासारखं होतं, आधी घरी घालून बघा. आणि मास्क आहे म्हणून पुट्टीच्या खोलीत उभं राहायचं नाही.

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर फ्रीज बंद पडायच्या आधीच न उघडलेल्या बाटल्या शेजारच्या फ्रीजमध्ये, २ ते ८ डिग्रीत, बर्फाच्या कप्प्याला न टेकवता. स्वयंपाक व्हरांड्यात आला की जेवणाच्या वेळा हलतात, शुगरवाल्यांचं ते आधी बघा. मिरचीची फोडणी काही दिवस बंद, दम्याच्या माणसाला एवढी सूट घरानं द्यावी.

पैशाचं एक सांगते. औषधाचे पैसे वेगळ्या डब्यात. सिमेंट वाढलं, सळी वाढली, टाईल्स वाढल्या की हात पहिला तिकडेच जातो आणि मग पंप अर्धाच वापरू म्हणतो माणूस.

रंग पावसात देऊच नका, आपल्याकडे दमटपणात तो लवकर वाळत नाही आणि खिडक्या उघडता येत नाहीत म्हणून वास घरातच राहतो. दिवाळीनंतर द्या, नुसत्या गिलाव्याच्या भिंतीला कुणी नावं ठेवत नाही, ठेवली तर ठेवू दे. वाळवीचं औषध आणि दाराचं व्हार्निश पण तेव्हाच. परत राहायला यायच्या आदल्या दिवशी पंख्याची पाती आणि खिडकीच्या फटी दुसऱ्या कुणाकडून ओल्या फडक्यानं पुसून घ्या. आणि पहिले काही दिवस रात्री खोकला येतोय का, निळा पंप नेहमीपेक्षा जास्त लागतोय का, ते कॅलेंडरवर खूण करत जा, लागत असेल तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.