बेळगावच्या छपाईत ब्लॅकलेटर अक्षर कसे वापरावे

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील डीटीपीच्या दुकानांत ज्या अक्षराला सरसकट ‘ओल्ड इंग्लिश’ म्हटले जाते, ते ब्लॅकलेटर या जुन्या युरोपीय अक्षरकुळातील एक वळण आहे. ख्रिस्ती लग्नपत्रिका, स्पर्धांची प्रमाणपत्रे, व्यायामशाळांचे टी-शर्ट आणि बुलेटच्या टाकीवरची नावे यांसाठी त्याला कायम मागणी असते. हे अक्षर वाचले जाण्याआधी नजरेत भरते, म्हणून त्याला शब्द थोडे आणि मोकळी जागा भरपूर द्यावी. पुढच्या सर्व सूचना याच एका गोष्टीवर आधारलेल्या आहेत.

त्याचे रूप रुंद टोकाच्या लेखणीतून आले. लेखणी सुमारे ४० ते ४५ अंशांत तिरकी धरली की उभे दंड जाड पडतात, त्यांना जोडणाऱ्या रेषा केसासारख्या बारीक उमटतात आणि दंडांच्या माथ्या-पायथ्याशी शंकरपाळ्याच्या आकाराचे टोक तयार होते. या कुळातील सर्वांत ताठ वळण म्हणजे टेक्स्चुरा. जर्मन मुद्रक गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास माइन्झ येथे छापलेले ४२ ओळींचे बायबल याच वळणात आहे. त्यातल्या ‘ओ’लाही खरी गोलाई नसते, तो सरळ तुकड्यांनीच बनतो. इंग्रजीतला ‘मिनिमम’ हा शब्द त्यात लहान अक्षरांनी लिहून पाहावा: एकसारखे पंधरा दंड ओळीने उभे राहतात आणि ‘आय’वरच्या टिंबांखेरीज डोळ्याला आधार उरत नाही. रोटुंडा हे वळण त्यामानाने गोलसर आहे, तर श्वाबाखर आणि फ्राक्टुर ही जर्मन वळणे आहेत. हे नाझींचे अक्षर आहे, अशी शंका एखादा ग्राहक काढतो. त्याला सांगावे की हे अक्षर नाझींच्या कितीतरी शतके आधीचे आहे आणि १९४१ मध्ये नाझी सरकारनेच त्याचा अधिकृत वापर बंद केला.

फॉन्ट निवडताना आपल्याकडील नावांचा विचार आधी करावा. फ्राक्टुरमधील मोठा (कॅपिटल) ‘ए’ आपल्या वाचकाला ‘यू’सारखा आणि मोठा ‘के’ ‘आर’सारखा दिसतो, त्यामुळे अनिलचा उनिल आणि कविताची रविता होण्याचा धोका खराच आहे. उनिफ्राक्टुर मागुन्टिया हा विनामूल्य मिळणारा फॉन्ट अतिशय सुंदर असला, तरी पत्रिकेवरील नावांसाठी मी तो सुचवणार नाही. ओल्ड इंग्लिश किंवा १९०४ चा क्लॉइस्टर ब्लॅक यांची मोठी अक्षरे आपल्या डोळ्यांना अधिक परिचित आहेत.

संपूर्ण शब्द मोठ्या अक्षरांत कधीही लावू नये. ही मोठी अक्षरे शब्दाच्या आरंभी एकेकटी शोभण्यासाठी घडवलेली असतात. ती शेजारी शेजारी आली की वेलबुट्टीचा गुंता होतो आणि नाव हरवते. अक्षरांमधील अंतर वाढवण्याचा मोहही टाळावा, कारण अक्षराच्या पोटातील पांढरी जागा आणि दोन अक्षरांमधील जागा जवळजवळ सारखी असते, तेव्हाच ही वीण जमते. पत्रिकेत वधूवरांची नावे, प्रमाणपत्रात केवळ शीर्षक, एवढ्यापुरतेच हे अक्षर ठेवावे. पत्ता, मुहूर्त आणि फोन क्रमांक साध्या रोमन अक्षरातच द्यावेत.

आपल्या भागातील खरी कसोटी मराठी, कन्नड आणि इंग्रजी एकाच कागदावर येतात तेव्हा लागते. देवनागरीला ब्लॅकलेटरचा साज चढवण्याची हौस अनेकांना असते, परंतु दोन्ही लिप्यांच्या लेखणीचा कल मुळातच उलटा आहे. रोमन लेखणीत डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड होते, तर बोरूच्या देवनागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी. हा कल मोडून आणि गोलाई छाटून काढलेले मराठी अक्षर वाचकाला परके वाटते. त्यापेक्षा मध्यम जाडीची, मोकळ्या पोटाची देवनागरी घ्यावी, म्हणजे शिरोरेषेची काळी पट्टी ब्लॅकलेटरच्या दंडांशी झगडत नाही. कन्नड अक्षरांची गोलाई मात्र या ताठपणाजवळ फार छान दिसते. दुकानाच्या पाटीसाठी हे अक्षर शक्यतो घेऊच नये. पाटीचा ६० टक्के भाग कन्नडसाठी राखावा लागत असल्याने उरलेल्या जागेत ते लहान होते आणि रस्त्यावरून वाचता येत नाही.

कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करताना मजकूर एकत्र निवडून फॉन्ट बदलू नये. जुन्या, युनिकोड नसलेल्या श्री-लिपी किंवा नुडी फॉन्टमधील मराठी-कन्नड मजकुरावर ओल्ड इंग्लिश लागू केला, तर त्याच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे येतात आणि नक्षीदार अक्षरांत ती चटकन लक्षातही येत नाहीत. इंग्रजी ओळ वेगळी ठेवावी, तपासावी आणि मगच कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या रेखाकृतींत, बदलून छपाईला पाठवावी.

सोनेरी फॉइल किंवा स्क्रीन प्रिंटिंग असेल, तर अक्षर १८ पॉइंटपेक्षा लहान ठेवू नये, असे माझे मत आहे; फॉइल पसरून अक्षराची पोटे बुजतात. गडद छापील पार्श्वभूमीत कागदाचे पांढरे अक्षर सोडायचे असल्यास बारीक जोडरेषा शाईत बुडतात, म्हणून आकार आणखी वाढवावा. प्रूफ संगणकाच्या पडद्यावर मोठे करून दाखवण्याऐवजी प्रत्यक्ष आकारात, त्याच कागदावर काढावे आणि ज्याला ती नावे माहीत नाहीत अशा माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. तो जिथे अडखळेल, तिथे आधी आकार वाढवून पाहावा, आणि तरीही नाव लागत नसेल तर त्याखाली तेच नाव साध्या अक्षरात द्यावे.