बाहुल्यांचा मेळावा भरवताय? या चुका टाळा

आमच्या पहिल्या मेळाव्याची थीम होती कुणबी साडी. गोव्यात फोंड्याजवळ मामाच्या जुन्या घरी आम्ही अकरा जणी जमलो होतो. प्रत्येकीने आपल्या एका बाहुलीला तांबड्या चौकडीचं कापड नेसवून, खांद्यावर गाठ मारून आणलं होतं. फोटो सुरेख आले. आठवड्याभराने मी माझ्या बार्बीची साडी सोडली, तर दोन्ही मांड्यांवर फिकट गुलाबी डाग. ओल्या फडक्याने पुसले, साबणाने पुसले, काही उपयोग झाला नाही. रंग वरवर लागलेला नव्हताच, तो प्लास्टिकच्या आत शिरला होता.

अशा बाहुल्यांचे हातपाय बहुधा मऊ पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक, ते वाकावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घालतात. कापडाचा कच्चा रंग त्या द्रव्यात मुरतो, आणि आपल्याकडच्या घामट हवेत तर लवकर मुरतो. कापड आधी दोन-तीनदा धुऊन, ओलं असताना पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहिलं असतं आणि आत पांढऱ्या सुती कापडाचा परकर घातला असता, तर हे टळलं असतं. डाग पडलाच, तर दहा टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मुरुमांवरचं मलम डागापुरतं लावून बाहुली काही दिवस उन्हात ठेवतात. डाग हळूहळू फिका होतो. पण हे मलम चेहऱ्याजवळ नेऊ नका, रंगवलेले डोळे आणि ओठही ते खाऊन टाकतं. सावळ्या किंवा गडद रंगाच्या बाहुलीवर तर लावूच नका, डागाबरोबर मूळ रंगही उडतो.

त्यानंतर आम्ही आणखी पाच मेळावे भरवले. माझं ठाम मत झालं आहे की बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं: थीम आधी ठरते आणि मग बाहुल्यांना त्यात कोंबलं जातं. कोण काय घेऊन येणार, त्या बाहुल्या कशाच्या बनल्या आहेत, त्या कशा येणार, कशा उभ्या राहणार, हे आधी विचारा. सजावट नंतर.

थीम ठरवताना

संग्राहक म्हटलं की सगळ्यांकडे बार्बीच असणार असं धरून चालणं ही पहिली चूक. आमच्यातल्या एकीकडे फक्त लाकडाच्या बाहुल्या आहेत: चन्नपट्टणच्या लाखेच्या, कोंडापल्लीच्या, सावंतवाडीच्या चितार आळीतल्या. दुसरीकडे रशियन मात्र्योश्का, म्हणजे एकीच्या पोटात दुसरी अशा. एका काकींकडे तंजावरच्या मान हलवणाऱ्या. ‘फॅशन शो’ अशी थीम ठेवली की या तिघी हात हलवत येतात आणि कोपऱ्यात बसून राहतात. मला हे फार लागतं. बाहुली कपडे बदलू शकत नाही म्हणून तिची मालकीण बाजूला पडावी, हे मेळाव्याला शोभत नाही.

सर्वांना सामावणारी थीम आपल्या घरातच आहे: बाहुला-बाहुलीचं लग्न. नवरा-नवरी दोनच लागतात, बाकी सगळ्या वऱ्हाडी. लाकडी आजीबाई करवलीच्या मागे उभी राहते, मात्र्योश्का एका ओळीत मांडल्या की वरपक्षाच्या बहिणीच दिसतात. भातुकलीचीही थीम छान जमते, विशेषतः कुणाकडे पितळेची छोटी भांडी असतील तर. जपानमध्ये 3 मार्चला हिनामात्सुरी असतो. तांबड्या कापडाच्या पायऱ्यांवर, सर्वांत वर राजा-राणीची जोडी, अशी मांडणी करतात आणि सण संपला की लगेच आवरतात. आवरायला उशीर झाला तर मुलीच्या लग्नाला उशीर होतो, असा तिथला समज. ही थीम देखणी आहे, पण मार्चमध्ये आपल्याकडे परीक्षा आणि शिगमो, तेव्हा तारीख सांभाळून घ्या.

मापाची चूकही फार होते. 9 मार्च 1959 ला न्यूयॉर्कच्या खेळणी मेळ्यात पहिल्यांदा आलेली बार्बी साडेअकरा इंचांची, म्हणजे माणसाच्या साधारण एक षष्ठांश. खऱ्या साडीवरची अर्ध्या इंचाची चौकडी तिच्या अंगावर तीन इंचांची दिसते. माझ्या त्या पहिल्या साडीत बाहुली टेबलक्लॉथ गुंडाळल्यासारखी दिसत होती. बारीक चौकडीचा पुरुषी हातरुमाल आणा, साडी म्हणून शोभतो. मुंडावळ्या, फुलं, अक्षता, सगळ्याला हाच हिशेब लावा.

आणि लग्न म्हटलं की दागिने आले. बाजारातल्या नकली दागिन्यांची पितळी-तांब्याची तार बाहुलीच्या कानात, नाकात टोचू नका. 1960 च्या दशकातल्या बार्बी गोळा करणाऱ्यांना ‘हिरवा कान’ चांगला ठाऊक आहे: कानातल्याच्या धातूमुळे आजूबाजूचं प्लास्टिक हिरवं पडतं आणि ते पूर्ववत करणं अतिशय कठीण. मोती दोऱ्यात ओवा, गळ्यात सैल घाला, कार्यक्रम संपला की काढा.

तारीख आणि हवा

गोव्यात हा मेळावा जूनपासून सप्टेंबरपर्यंत भरवू नका, असं मी स्पष्टच सांगेन. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे कागदाच्या लगद्याच्या आणि लाकडी भुशाच्या बाहुल्यांची काय कथा. भुसा आणि सरस यांच्या मिश्रणाच्या जुन्या बाहुल्या ओल शोषून फुगतात, कोरड्या झाल्या की आकसतात, आणि त्या ओढाताणीत वरच्या रंगाला बारीक भेगा जातात. एकदा गेलेली भेग परत मिटत नाही.

नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी उत्तम. फक्त 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे चर्चचा मोठा उत्सव असतो, पणजीहून फोंड्याकडे येणारी माणसं रस्त्यातच अडकतील. 19 डिसेंबरनंतर तर सगळीकडे पर्यटक. आम्ही जानेवारीतला दुसरा रविवार धरतो. गावची जत्रा कधी आहे ते मात्र आधी विचारून घ्या, नाहीतर घरमालकच जागेवर नसतात.

मात्र्योश्कांबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण याच बाहुल्यांची मोडतोड मी सर्वांत जास्त पाहिली आहे. दमटपणात लाकूड फुगतं आणि वरचा अर्धा भाग खालच्यात घट्ट बसतो. पाहुण्यांसमोर उघडून दाखवायची घाई, दोन्ही हातांनी पिळणं, आणि मग कडेला ‘टक्’. एकदा आमच्या डोळ्यांदेखत चौथ्या बाहुलीच्या कमरेपासून पदरापर्यंत उभी चीर गेली. तिची मालकीण काही बोलली नाही, फक्त दोन्ही अर्धे परत एकात एक ठेवत राहिली, आणि ते आता बसेनात. अडकलेली मात्र्योश्का जबरदस्तीने उघडू नका. वातानुकूलित खोलीत एक-दोन दिवस ठेवा, लाकूड आकसलं की ती आपोआप सैल होते. तेल, मेण काहीही लावू नका. दाखवायची असेल तर घरीच उघडून, अर्धे भाग वेगवेगळे गुंडाळून आणा.

एसी गाडीतून आणलेली खोकी पोहोचताक्षणी उघडणं ही तशीच एक नकळत होणारी चूक. थंड बाहुलीला बाहेरची दमट हवा लागली की अंगावर दव जमतं, जसं फ्रीजमधल्या बाटलीवर जमतं. काचेच्या डोळ्यांमागे, केसांच्या मुळाशी पाणी राहतं. अर्धा-पाऊण तास खोकं बंदच ठेवा, तोवर चहा होऊ द्या.

मांडणी

जुन्या घरातलं राजांगण, म्हणजे घराच्या मधलं उघडं अंगण, फोटोसाठी मोह पाडतं. वरून येणारा उजेड, मध्ये तुळस. पण दुपारी बारा ते तीन तिथे थेट ऊन असतं, रेशमी कपडे आणि लाकडावरचे रंग उडायला कारण मिळतं. आम्ही टेबलं कडेच्या पडवीत लावतो आणि फोटोपुरत्या बाहुल्या राजांगणात नेतो, तेही सकाळी.

टेबलावर पांढरं, न रंगवलेलं सुती कापड घाला. तांबडं मखमली कापड दिसतं छान, पण त्यावर बसवलेल्या बाहुलीचं काय होतं ते वर सांगितलंच. कापड टेबलाखाली लोंबू देऊ नका, एखादं मूल ते हमखास ओढतं. स्टँडवरच्या बाहुल्या छताच्या पंख्याच्या बरोबर खाली ठेवू नका. तंजावरच्या बाहुलीचे भाग एकमेकांवर नुसते तोललेले असतात, प्रवासात प्रत्येक भाग सुटा गुंडाळावा आणि मांडताना वाऱ्यापासून दूर ठेवावा.

समईबद्दल मात्र मी अडून बसते. उद्घाटनाला समई हवीच, पण ती उंबऱ्याजवळ, बाहुल्यांच्या टेबलापासून लांब. जुन्या सेल्युलॉइडच्या बाहुल्या, वजनाला अगदी हलक्या आणि अंड्याच्या कवचासारख्या पातळ, भराभर पेटतात. कुणाच्या आजीच्या पेटीतली जपानी सेल्युलॉइड बाहुली आली असेल तर तिच्या टेबलाजवळ उदबत्तीसुद्धा नको.

कपाटात किडे येऊ नयेत म्हणून घातलेल्या डांबराच्या गोळ्या खोक्यात तशाच राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते, थर्माकोल तर विरघळवतेच. काढून टाका.

हात, मुलं आणि खाणं

‘हात लावू नका’ अशी पाटी लावली की मेळाव्याचं प्रदर्शन होतं. पाटी नसली की कुणाच्या तरी बाहुलीची मान हातात येते. आम्ही प्रत्येकीला दोन कार्डं देतो, हिरवं आणि तांबडं. ज्या बाहुलीला हात लावलेला चालतो तिच्यापुढे हिरवं, बाकीच्यांपुढे तांबडं. कुणाला काही बोलावं लागत नाही. पोर्सिलेनच्या बाहुलीसाठी सुती हातमोजे देऊ नका, ते घसरतात. धुऊन कोरडे केलेले हात त्याहून बरे. मुलांसाठी वेगळी चटई आणि खेळायच्याच बाहुल्या ठेवा. मुलांना नुसतं बघायला लावणं मला पटत नाही.

खाणं त्याच खोलीत मांडणं ही चूक मी स्वतः दोनदा केली. सोलकढीचा एक थेंब पांढऱ्या लेसवर पडला की मेळावा तिथेच संपतो. खाणं वसरीवर ठेवा, शेजारी पाण्याची बादली, साबण आणि कोरडे टॉवेल. कटलेट-पाव, नेवऱ्या, खाजं, काहीही चालेल, फक्त माणसं हात धुऊन आत येतील अशीच वाट ठेवा.

बक्षीस नको

‘सर्वांत सुंदर बाहुली’ अशी स्पर्धा एकदा ठेवली आणि पुन्हा कधी ठेवली नाही. ज्यांची बाहुली दुसऱ्या देशातून मागवलेली, त्यांच्यापुढे आईने चिंध्यांची शिवलेली बाहुली कशी उभी करायची? त्याऐवजी प्रत्येकीला तीन मिनिटं द्या, एकाच बाहुलीची गोष्ट सांगायला. गेल्या वेळी एका मावशींनी अशीच चिंध्यांची बाहुली आणली, डोळे काळ्या दोऱ्याने भरलेले. ‘अगो, ही माझ्या लग्नात माझ्याबरोबर सासरी आली,’ एवढंच म्हणाल्या आणि बसल्या. ‘केवढ्याला घेतलीत?’ हा प्रश्न मात्र सर्वांसमोर विचारू नये, आणि कुणाच्या घरी किती आहेत हेही फोटोंबरोबर सगळीकडे पाठवू नये. अदलाबदल करायची असेल तर काय दिलं, काय घेतलं, परत घेता येईल का, हे दोघींनी कागदावर लिहून सही करावी.

काही बिघडलंच तर

पोर्सिलेनची बाहुली पडली, तर आधी सर्वांना जागच्या जागी थांबवा. कपच्यासुद्धा वेचून कागदाच्या पुडीत घाला. सुपरग्लू लावू नका, तुकडा जरासा वाकडा बसला तर पुढे जाणकारालाही तो नीट सोडवता येत नाही.

बूट हरवतात. प्रत्येक वेळी हरवतात, कारण ते तांदळाच्या तीन-चार दाण्यांएवढे असतात. येताना प्रत्येक बाहुलीचा पायापासून डोक्यापर्यंत एक फोटो काढा आणि निघताना तोच समोर धरून तपासा. बूट, पर्स, पंखा एका छोट्या पिशवीत, पिशवीवर मालकिणीचं नाव. आणि ही तपासणी होईपर्यंत केर काढायचा नाही. एकदा घाईने केर काढला गेला आणि एका मुलीचा निळा बूट नाहीसा झाला. आम्ही सुपलीतला कचरा वर्तमानपत्रावर पसरला, चमच्याने बाजूला करत गेलो, नाही मिळाला. शेवटी तो राजांगणातल्या पाणी जाण्याच्या भोकापाशी, एका तुळशीच्या पानाखाली सापडला.

घरी गेल्यावर बाहुल्या त्याच रात्री कपाटात बंद करू नका. थीमचे कपडे, दागिने, केसांना लावलेले रबरबँड काढा. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, दिवसभर सावलीत, हवेशीर जागी राहू द्या. मग न रंगवलेल्या सुती कापडात गुंडाळून खोक्यात ठेवा आणि शेजारी सिलिका जेलची पुडी टाका. बबलरॅप अंगाला चिकटून ठेवू नका, त्याच्या गोलांचे वण उठतात.